डोळे मिटा, अंगठा दाखवा

आत्या – बसा हो बाई, खुर्ची डुगडुगते पण पाडत नाही कुणाला. तेवढे ते उशांचे अभ्रे बाजूला सरकवा. हॉटेलचे आहेत. एक घडी विस्कटली तरी तो मॅनेजर दुकान डोक्यावर घेतो.

बाई – मी बसायला नाही आले. हिला घेऊन जायला आलेय.

आत्या – ते दिसतंय. शाळेतून तशाच निघालात, बोटांना खडू आहे अजून. गणिताच्या बाई तुम्हीच ना?

बाई – हो. दहावीला गणित मी शिकवते.

आत्या – ऐकून आहे. 'आत्या, आमच्या बाई कधी ओरडत नाहीत. आत्या, आमच्या बाई किती छान बोलतात.' आई गेल्यावर हिला मी वाढवली, पण माझं नाही कधी एवढं कौतुक केलं.

बाई – मग असं काय झालं? अगं, ती इस्त्री ठेव बाजूला आणि माझ्याकडे बघ जरा. सराव परीक्षेत गणिताचा पेपर कोरा दिलास आणि दुसऱ्या दिवसापासून शाळा बंद. किती फोन केले मी!

मुलगी – फोन आत्याकडे असतो, बाई.

आत्या – आणि आत्या विचारायची, बोलतेस का? ही म्हणायची, नंतर. आता बोलायला लागेल. बाई दारात आल्या.

मुलगी – हा शर्ट झाला की बोलते.

बाई – शर्ट राहू दे. नीट ऐक. सोमवारी मी तुझी फेरपरीक्षा घेणार आहे. तुझ्या एकटीची. मुख्याध्यापकांशी भांडून परवानगी काढलीय मी. त्यात पास झालीस तर बोर्डाच्या परीक्षेला बसशील. सोमवारी आली नाहीस तर तुझं वर्ष गेलं. मग माझ्या हातात काही नाही.

मुलगी – तुम्ही भांडलात?

बाई – भांडले म्हणजे काय, चांगलीच भांडले. ते म्हणाले, कोरा पेपर देणाऱ्या मुलीसाठी कसली फेरपरीक्षा? मी म्हटलं, सर, या मुलीला गणित येतं. मी वर्षभर बघतेय. परीक्षेचं दडपण आलं असेल, पण येतं तिला.

मुलगी – असं कशाला सांगितलंत, बाई?

बाई – खरं तेच सांगितलं. वर्गात तुझा अंगठा रोज वर असतो. मी काय आंधळी आहे?

आत्या – अंगठा? सही येते हो हिला.

बाई – तसं नाही. आमची एक पद्धत आहे. तास संपताना मी सांगते, सगळ्यांनी डोळे मिटा आणि अंगठा दाखवा. कळलं असेल तर वर, अर्धवट कळलं तर आडवा, काहीच कळलं नसेल तर खाली. सगळ्यांचे डोळे मिटलेले, त्यामुळे कुणी कुणाला बघत नाही. बघते फक्त मी. मग ज्यांचे खाली त्यांना मधल्या सुट्टीत जवळ बसवून पुन्हा समजावते.

आत्या – बरी युक्ती आहे. आमच्या वेळी कळलं नाही म्हटलं की वळ उठायचे.

बाई – माझ्याही वेळी तेच होतं. म्हणून मी ठरवलं होतं, माझ्या वर्गात कुणी घाबरणार नाही. मुलांचं मन आधी, गणित मागून. आता दुसऱ्या शाळांतले शिक्षक येतात हे बघायला. गेल्या वेळच्या शिक्षकांच्या मेळाव्यात मला व्यासपीठावर बोलावून बोलायला लावलं. आणि गंमत म्हणजे मी तिथे हिचीच गोष्ट सांगितली.

आत्या – हिची?

बाई – नाव नाही घेतलं. म्हटलं, माझ्या वर्गात एक मुलगी आहे, मागच्या बाकावर बसते, बोलत नाही. एकदा तिचा अंगठा खाली होता. सुट्टीत माझ्याजवळ आली, वही उघडली आणि रडवेली झाली. मी वही मिटली. म्हटलं, बाळा, तुला येतंय गं हे. तुझा फक्त स्वतःवर विश्वास नाही. आणि दुसऱ्या दिवसापासून हिचा अंगठा जो वर गेला तो कधी खाली आला नाही. टाळ्या वाजल्या हो. एक म्हातारे गुरुजी तर डोळे पुसत होते.

मुलगी – तुम्ही वर्गात येऊन पण सांगितलंत ते.

बाई – सांगितलं ना! तुझं कौतुक होतं ते.

मुलगी – सगळे मागे वळून बघत होते.

बाई – आणि तू लाजलीस.

मुलगी – लाजले नव्हते, बाई.

आत्या – अगं, बाही बघ. किती वेळ एकाच बाहीवर फिरवतेस? पिवळी पडेल.

मुलगी – बाई, मला येत नव्हतं.

बाई – काय येत नव्हतं?

मुलगी – त्या दिवशी. वही उघडली तेव्हा. मला खरंच काही येत नव्हतं. मी कितीतरी दिवस तो अंगठा खाली करायची वाट बघत होते. तुम्ही वही मिटलीत आणि म्हणालात, तुला येतंय, जा, डबा खा.

बाई – अगं, पण मग तू तेव्हाच का नाही सांगितलंस?

मुलगी – तुम्ही इतक्या छान हसत होतात.

आत्या – घ्या.

बाई – तुम्ही थांबा हो जरा. बाळा, म्हणजे तू त्यानंतर रोज खोटा अंगठा दाखवत होतीस? माझ्याशी खोटं?

मुलगी – मी एकटी नाही.

बाई – म्हणजे?

मुलगी – नको, बाई. मला चुगली नाही करायची.

आत्या – आता शेपूट राहिलंय, काढून टाक तेवढं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खातेयस, त्या पोरांसाठी?

मुलगी – नंबर लावले होते, बाई.

बाई – कसले नंबर?

मुलगी – अंगठा खाली करायचे. रोज तिघांनी खाली करायचा, दोघांनी आडवा. बाकी सगळ्यांनी वर. दुसऱ्या दिवशी पुढचे तिघे.

बाई – चेष्टा करतेस?

मुलगी – सगळेच वर केले असते तर तुम्हाला संशय आला असता ना. म्हणून.

बाई – पण का? मी कधी रागावले? कुणाला शिक्षा केली? एकदा तरी?

मुलगी – नाही, बाई.

बाई – मग?

मुलगी – तुम्ही रडलात ना एकदा. सहामाहीच्या आधी. निम्म्या वर्गाचे अंगठे खाली होते. तुम्ही म्हणालात, माझंच काहीतरी चुकतंय, मी तुमच्यापर्यंत पोचत नाही. आणि फळ्याकडे तोंड करून पुसतच राहिलात. फळा कोरा झाला होता तरी पुसत होतात. मग पूर्ण सुट्टी आम्हाला पुन्हा शिकवलंत. डबा नाही खाल्लात. दुसऱ्या दिवशी पण नाही. तिसऱ्या दिवशी आपली पहिल्या बाकावरची ती चिमणी म्हणाली, बाई आजारी पडतील अशानं. आपण वाटून घेऊ.

बाई – चिमणी? ती माझी सगळ्यात...

मुलगी – तुम्ही खूप आवडता तिला, बाई. सगळ्यांनाच आवडता.

आत्या – गोगलगाय नि पोटात पाय! सगळा वर्गच्या वर्ग?

मुलगी – मैदानावर खेळणाऱ्यांना सुट्टी हवी होती, ते लगेच हो म्हणाले. पण बाकीच्यांनी बाईंसाठीच केलं. खरंच.

बाई – मग ती मुलं, ज्यांना मी सुट्टीत जवळ घेऊन बसायचे... तो उंच, चष्मेवाला. त्याला मी एकच प्रमेय तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, 'आत्ता कळलं, बाई' म्हणाला.

मुलगी – तो नाटकात काम करतो, बाई.

आत्या – अगं बाई!

मुलगी – त्याला पहिल्या दिवसापासून येत होतं. त्याचा नंबर लागला की सगळे म्हणायचे, आज बाई खूश होणार.

बाई – मला पाणी मिळेल?

आत्या – देते. बसा आता तरी. ती बाटली घेऊ नका हो, ते शिंपडायचं पाणी आहे. हे घ्या. सावकाश.

बाई – मी घरी जाऊन सांगायचे ह्यांना. आज अमक्याला समजलं, आज तमक्याचा अंगठा वर आला. रोज. हे म्हणायचे, तुझी मुलं नशीबवान आहेत.

आत्या – चुकीचं नाही बोलले. ह्या पोरीलाच तेवढं नशीब आडवं आलं.

बाई – तू का नाही मग तुझा नंबर आला की... तुझा नंबर पण यायचाच ना? तुला खरंच अडत होतं, तर निदान त्या दिवशी...

मुलगी – तो पहिला नंबर होता माझा. वही मिटलीत तो. खोटा अंगठा खाली करायचा होता आणि माझा खराच खाली होता. मला हसू येत होतं डोळे मिटून. म्हटलं, आज कुणाला न कळता होऊन जाईल.

बाई – आणि नंतर?

मुलगी – नंतर तुम्ही मेळाव्यात सांगितलंत. 'कधी खाली आला नाही' म्हणून. मग चिमणी म्हणाली, तुझा नंबर काढून टाकू, तू खाली केलास तर बाई कोसळतील. मला सूटच मिळाली.

आत्या – सूट! ऐका, बाई. वर्गात एकाच पोरीला काही कळत नाही, आणि तिलाच सांगायची बंदी. तुमच्या मायेची ही तऱ्हा. मारकुट्या मास्तराशी खोटं बोलताना पोरांना निदान वाईट तरी वाटत नाही.

बाई – तुम्ही मला बोला, बोला. पण तुम्ही काय करत होतात? तुमच्याच घरात राहते ना ती? तुम्ही एकदा तरी विचारलंत?

आत्या – विचारायची की! रोज विचारायची, अभ्यास झाला का?

मुलगी – आणि मी हो म्हटलं की लगेच म्हणायचीस, मग हे दोन गठ्ठे उरक.

आत्या – म्हणायची. माझे हात दुखतात, म्हणून म्हणायची.

मुलगी – मी शाळा सोडते म्हटलं तेव्हा का नाही ओरडलीस? शेजारच्या काकू ओरडल्या. तू म्हणालीस, बघ बाई तुझं तू. आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी दुसरी इस्त्री घेऊन आलीस.

आत्या – जुनी होती ती. मिळत होती, घेतली.

मुलगी – हं.

आत्या – हं काय? एकटीनं किती ओढू मी? तुझा बाप तिकडे, परक्या मुलखात. आठवड्यातून एकदा विचारतो, कसं चाललंय, झालं त्याचं कर्तव्य. आणि तूही त्याला कधी सांगितलं नाहीस.

मुलगी – बाबांना मी अंगठाच पाठवते. मोबाईलवरचा. वर.

बाई – तुझ्या वडिलांना माहीत नाही?

मुलगी – ते विचारतात, 'सगळं ठीक?' मी अंगठा. ते पण अंगठा. दोघांचं बरं चाललंय.

आत्या – ह्या पोरीची जीभ कधी एवढी चालली नव्हती. हा साडीवरचा कोट शाळेचा का, बाई? द्या, पाठीवर पार चुरगळलाय.

बाई – राहू द्या हो कोट. बाळा, पेपर कोरा का दिलास? काहीतरी लिहायचंस. चुकीचं तरी.

मुलगी – पेपरला अंगठा दाखवता येत नाही, बाई. आणि चुकीचं लिहिलं असतं तर तुम्ही लाल पेनानं त्यातलंसुद्धा काहीतरी चांगलं शोधलं असतं. 'प्रयत्न छान.' म्हटलं, कोरा बघितला तर कळेल.

बाई – आणि मी समजले, दडपण.

आत्या – वरातीमागून घोडं. आता करायचं काय ते बोला. सोमवारला मध्ये एकच रविवार आहे.

बाई – आत्ता बसू. इथेच. कुठपासून कळत नाही तुला? बिचकू नको, कुठूनही सांग. वर्गसमीकरणं? त्याच्या आधीपासून?

मुलगी – वजा.

बाई – वजाबाकी?

मुलगी – नाही. दोन वजांचं अधिक कसं होतं ते. वजा गुणिले वजा बरोबर अधिक. तेव्हापासून.

बाई – ते तर... ते सातवीचं आहे गं.

मुलगी – सातवीतल्या सरांनी सांगितलं, नियम आहे, पाठ करा. मी पाठ केलं. पण मग पुढे जिथे जिथे वजा यायचं तिथे मी थांबायचे. आणि ते सगळीकडेच येतं, बाई.

बाई – हो. सगळीकडेच येतं. चल, ठेव ती इस्त्री. ये इकडे, मध्ये उभी राहा. दाराकडे तोंड कर. दार म्हणजे अधिक. आता पाठ फिरव, माझ्याकडे तोंड कर. हे झालं एक वजा.

मुलगी – बरं.

बाई – आता तू पुढे चाललीस तर दारापासून लांब जाशील. पण तू पुढे नाही चालायचं. उलटी पावलं टाकायची. मागे मागे. हे झालं दुसरं वजा. टाक.

आत्या – सांभाळून गं, मागे चादरींचा ढीग आहे.

बाई – अजून. अजून एक. बघ, कुठे पोचलीस?

मुलगी – दाराशी.

बाई – दाराशी! म्हणजे? तोंड उलटं, चालही उलटी, पण पोचलीस कुठे? अधिकाकडेच. दोन वजा मिळून अधिक. कळलं?

मुलगी – हो, बाई. कळलं.

बाई – बघ! किती सोपं होतं! मी म्हणत नव्हते, तुला...

आत्या – बाई.

बाई – काय?

आत्या – ती मागे जाताना पावलांकडे नव्हती बघत. तुमच्या तोंडाकडे बघत होती. तुम्ही हसलात, आणि तिला कळलं.

बाई – असं काही नाही. कळलं तिला. हो ना गं? कळलं ना?

मुलगी – हो, बाई.

आत्या – तुम्ही डबा खाल्लात का आज, बाई? तोंड उतरलंय तुमचं.

मुलगी – आत्या, तू नको ना बोलू त्यांना.

बाई – बघितलंत? ही मला सांभाळतेय. आत्तासुद्धा. थांबा, दोघीही बोलू नका. मी वळते. डोळे मिटायचे होते ते मी मिटायचे होते. तुम्हाला कशाला मिटायला लावत होते कोण जाणे.

(बाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहतात. टेकवलेल्या इस्त्रीतून वाफेचा बारीक आवाज.)

बाई – मला काही दिसत नाही आता. हँगर दिसतायत फक्त. सांग. कळलं? मी नाही वळणार.

मुलगी – नाही, बाई. चालले ते कळलं. पण चालणं आणि गुणाकार यांचा काय संबंध, ते नाही कळलं.

बाई – बरं.

मुलगी – रागावलात?

बाई – नाही.

मुलगी – रडताय?

बाई – ते तू बघायचं नाही. तुझं सांग.

मुलगी – सोमवारपर्यंत होईल का हो, बाई, सगळं?

आत्या – होईल की. बाई आहेत, मी आहे, रविवारी दुकान बंद ठेवते.

बाई – नाही.

आत्या – काय नाही?

बाई – नाही होणार. सातवीपासूनचं एका रविवारात होत नाही. सोमवारी ती बसली तर नापास होईल. वर्ष जाईल तिचं.

आत्या – मग आलात कशाला एवढ्या लांब? मघापासून न्यायला आलेय, न्यायला आलेय...

बाई – मला वाटलं होतं, तिला येतंय.

आत्या – वा! आणि आता हे तोंडावर सांगता पोरीला? एवढा जीव लावणाऱ्या बाई ना तुम्ही?

मुलगी – आत्या, थांब. बरं झालं.

आत्या – काय बरं झालं? वर्ष गेलं म्हणतायत त्या.

मुलगी – कळतंय मला. बाई पहिल्यांदाच 'नाही' म्हणाल्या.

आत्या – अगं, रडतेस काय आता! सरक, तो शर्ट दे माझ्याकडे, कॉलर माझी मी करते. बाई, वळा आता, झालं असेल तर. चहा टाकते.

मुलगी – वळू नका, बाई. अजून आहे, न कळलेलं.